प्रस्तावना

बाष्पीभवन. सातवी ब, विडी घरकुल, सोलापूर.
एकेचाळीस वह्या, एकेचाळीस वेळा
‘पाणी हे जीवन आहे’.

म्हटलं, पुस्तकं मिटा.
जे कळत नाही तिथून सुरू करा.

बराच वेळ नुसता पंखा.

मग अंबिका चिट्यालनं लिहिलं:
‘आई माठाला चादरीचा ओला तुकडा गुंडाळते.
बाहेर बेचाळीस डिग्री.
तुकडा वाळत जातो, आतलं पाणी गार होत जातं.
ऊन तर दोघांनाही तेवढंच.
मग गारवा येतो कुठून?’

पुढं उत्तराची एक ओळ, खोडलेली.
का गं?
‘इथंच सांगितल्यावर
खाली कोण वाचतंय ओ सर?’

हे मी शिकवलं नव्हतं.

मधल्या सुट्टीत शाळेच्या माठापाशी गेलो,
ओल्या फडक्यावर हात ठेवून उभा राहिलो.
घंटा झाली.
पाणी प्यायचं राहूनच गेलं.