बर्फ मिळेल

पाटी मीच रंगवली होती, अठ्ठ्याण्णव साली.
निळ्यावर पांढरी अक्षरं, 'ळ' जरा तिरका,
कारण शिडी एका बाजूने खचली होती.
आता आत बर्फ होत नाही.
अमोनियाचा वास तेवढा राहिलाय,
दमट दुपारी तो भिंतीतून उतरतो
आणि नफिसा सोलकर हेडफोन काढून म्हणते,
"भिकाजीकाका, तुमचा जुना माणूस आला बघा."

जिथे लाद्या उभ्या असायच्या
तिथे एकोणीस टेबलं.
पडद्यावर नॉर्वेचा समुद्र, हिरवा, गढूळ,
पिंजऱ्यात सॅल्मन घिरट्या घालतात
आणि आमच्या मुली त्यांच्या अंगावरच्या उवा मोजतात.
उवाच. माशांनाही असतात, मला ठाऊक नव्हतं.
एकेका उवेभोवती एक चौकोन,
दिवसाला नऊशे चौकोन,
म्हणजे उद्या यंत्र आपलं आपण मोजेल.
"आणि मग तुम्ही?" मी विचारलं.
प्रज्वला कुबल म्हणाली, "मग दुसऱ्याच्या उवा."

प्रज्वला पूर्वी बंदरावर म्हाकूल निवडायची,
मोठं, मध्यम, फुटलेलं.
बोटं बर्फाने सुजायची, नखं निळी पडायची.
तो बर्फ माझा होता.
हे मी तिला अजून बोललेलो नाही.

कंपनी काढली देवयानी आचरेकरने.
जिल्ह्याच्या फॉर्मात 'उद्योगाचा प्रकार' या रकान्यात
काजू होता, आंबा होता, कोळंबी, पर्यटन,
आणि तळाला 'इतर'.
तिने 'इतर'वर खूण केली.
साहेब म्हणाले, इतरला अनुदान नाही.
परतताना एसटीत कणकवलीपर्यंत ती गप्प,
मग एकदम, "काका, आपल्या भिंती किती जाड?"
दीड हात, मी म्हटलं. मध्ये बुचाचा थर.
"मग एसीचं बिल कमी येईल."
तिथून सुरुवात.

मार्चात जेसीबीने रस्ता उकरला, केबल तुटली.
ठेकेदार म्हणाला, मला वाटलं पाण्याची लाइन.
(जणू पाण्याची तोडायचीच असते.)
काम तीन दिवसांत पोचवायचं होतं.
इरफानचा मासळीचा टेंपो काढला,
दोनदा धुतला तरी तो सांगत होताच कोणाचा आहे ते,
आणि सगळ्या सड्यावर गेल्या, जिथून टॉवर दिसतो.
कातळावर चटया. उन्हात पडदा दिसेना
म्हणून डोक्यावरून, लॅपटॉपवरून ओढण्या,
एकोणीस तंबू, आतून टकटक.
मी जनरेटरपाशी, डिझेल मोजत.
गुरं राखणारा म्हातारा बराच वेळ उभा होता.
"काय मोजतास गे?"
"उवा."
"खंयच्यो?"
"माशांच्यो, आजोबा. नॉर्वेच्या."
त्याने काठी दुसऱ्या हातात घेतली.
"पैशे मेळतत?"
"मेळतत."
"मगे मोजा."

दोघी नंतर पुण्याला गेल्या, तिप्पट पगारावर.
देवयानी रागावली नाही. त्यांच्या खुर्च्या
काही दिवस भिंतीकडे तोंड करून होत्या.

बर्फ आता मालवणहून येतो,
बंदरात पोचेस्तोवर अर्धा पाणी.
रमाकांत तांडेल मला नाक्यावर ऐकवतो,
"तुमच्या कम्प्युटरान माझो बांगडो थंड होवचो नाय."
खरंच आहे ते.
त्याची सून तिसऱ्या टेबलावर बसते,
त्याच्या होडीचं इंजिन तिच्या पगारातून बांधलं.
हे तो बोलत नाही, मीही काढत नाही.

काल एक पोरगा आला, पाटी वाचून.
पिशवीत चार तारल्या, मुठीत नाणं.
"पाच रुपयांचं बर्फ द्या."
मी नाही म्हणणार, तोच नफिसा उठली,
चहाच्या फ्रीजमधला ट्रे
टेबलाच्या कडेवर उलटा आपटला.
बारा तुकडे. एक खाली निसटला, तो तिने तोंडात टाकला.
नाणं देवयानीच्या टेबलावर.
तिने हिशेबाची वही उघडली, थांबली,
जमा बाजूला लिहिलं,
इतर, पाच रुपये.