सात इंच

मी क्लीओफस बतीस्त. बाहेर होतो तेव्हा ट्रक चालवायचो.
कात्री हातात आली ती इथं, टेक्ससात, सी-विंगमध्ये,
तीही टेबलाला साखळीनं बांधलेली.
माझ्याइतकीच लांब जाऊ शकते ती.

आत येणारा प्रत्येकजण आधी माझ्या खुर्चीत बसतो,
मग कैदी होतो.
भिंतीवर नियम, काच लावून:
केस कॉलरला टेकता कामा नयेत, कानावर येता कामा नयेत.
खाली ज्या साहेबाची सही आहे
त्या बिचाऱ्याला टक्कल.

व्हर्डेल टू लान्स आला तो नोव्हेंबरात.
उत्तरेकडचा, लकोटा. पाठीवर वेणी,
कमरेच्या वर चार बोटं.
दोन शिपाई खांदे दाबून उभे.
धरू नका, म्हणाला, मी हलत नाही.
मग आरशातून मला विचारलं,
"कोण गेलं, ते तरी सांग."

वाटलं, डोक्यानं सरकलेला आहे.
नंतर कळलं, त्यांच्यात केस कापतात
ते घरचं माणूस गेल्यावर. एरवी नाही.

वेणी कात्रीला दाद देईना. तीनदा दाबावी लागली,
ओला दोर कापताना येतो तसा आवाज.
मग मशीन, एक नंबर.
शिपायानं वेणी काळ्या पिशवीत टाकली,
अंड्यांच्या टरफलांवर.
रिपोर्टात लिहिलं: बळाचा वापर नाही.
म्हणजे केसालाही धक्का लागला नाही.

फेब्रुवारीत त्याची आई गेली.
पाद्र्याच्या खोलीतून फोन, सात मिनिटं.
तिथून तो रांग मोडून थेट माझ्याकडे.
बसला नाही. खुर्चीमागं उभा राहून
डोक्यावरून तळहात फिरवला, पुढून मागं,
मागून पुढं.
पाव इंच. चिमटीत येईना.
"आता गेलं माणूस," म्हणाला.

सुतक धरायलाही काही पदरी असावं लागतं.

मग अर्ज. अर्जावर शेरा. शेऱ्यावर अपील.
त्याच्या केसांची केस पाच वर्षं चालली
आणि त्या पाच वर्षांत
मीच त्याला भादरत राहिलो, दर तीन आठवड्यांनी.
दोनदा नाही म्हणाला, तेव्हा एकांत कोठडी,
कॅन्टीन बंद, बहिणीची भेट बंद.
मी नाही म्हणालो नाही. एकदाही नाही.
माझ्या पॅरोलची तारीख जवळ होती.
(ती तशीच जवळ आहे अजून.)

कोर्टातलं मी ऐकलेलं सांगतो.
सरकारी वकील म्हणाला, केसांत पातं लपवतील.
जज बाईंनी विचारलं, आजवर किती सापडली?
त्यानं कागद चाळले. बुटांत चौदा,
गादीत नऊ, बायबलच्या पुठ्ठ्यात एक.
"केसांत?"
पुन्हा कागद चाळले.
आणि बायकांच्या तुरुंगात, बाई म्हणाल्या,
वेण्या चालतात ना हो तुम्हाला?

नियमाला एक पुरवणी जोडली गेली. काच तीच.

चौदा महिने तो माझ्याकडे फिरकला नाही.
जेवणाच्या रांगेत दिसायचा, मानेवर काळं काही,
मग खांद्यावर.
माझ्याकडे बघायचा नाही, मीही बघायचो नाही.

एका मंगळवारी येऊन खुर्चीत बसला.
"काप."
दारातला शिपाई हसला, अरे, यासाठी भांडलास पाच वर्षं?
व्हर्डेलनं मान वळवली नाही.
ओठ हलत होते. मला भाषा येत नाही,
पण आईला मारतात ती हाक कळते.

केस त्यानं स्वतःच्या मुठीत धरले होते,
एकही खाली पडू दिला नाही.
मी मुठीच्या वर कात्री लावली. एकदाच दाबली.
माझा हात थरथरला, त्याचा नाही.

पाकीट बहिणीच्या पत्त्यावर, आईच्या मातीत पुरायला.
टपालखिडकीवर फॉर्म भरून घेतात.
वस्तू: केस, मानवी. लांबी: सात इंच.
किंमत: काही नाही.
तिकिटाचे पैसे त्याच्या खात्यातून वळते.

संध्याकाळी कात्री मोजून परत दिली.
खुर्चीखाली झाडायला काही नव्हतं.
तरी झाडलं.