पुढं काय झालं

खडेबाजारात, कुंद्याच्या भट्टीवर आमचं ऑफिस.
खाली दूध आटत आटत तपकिरी होतं,
वर आम्ही बातमीत पाणी घालतो.

सडेकर सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं:
आकडा घाल, विषम घाल. सातवर लोक थांबतात, आठवर नाही.
नाव लपव. गाव लपव.
"पुढे जे घडलं" इथं तोड.
दार सताड उघडलंस तर आत कोण येईल?

शिकले मी. पटकन शिकले.
अनगोळच्या विहिरीत पडलेलं मांजर
माझ्या हाताखाली "तो थरारक क्षण" झालं.
तीस हजारांनी पाहिलं.
मांजर केव्हाच वर येऊन अंग चाटत बसलेलं.

आई कन्नड शाळेत शिकली, बैलहोंगलकडं.
मराठी वाचायला आली ती दुकानांच्या पाट्यांवरून,
म्हणजे मोठ्या अक्षरांतली.
बारीक मजकूर आला की तिचं बोट ओळीवरून घसरतं.
म्हणून ती फक्त माझे मथळे वाचते,
फोन लांब धरून, चष्मा कपाळावर,
आणि संध्याकाळी भाकरी थापताना विचारते,
"त्या बाईचं पुढं काय झालं गं?"
कुठल्या बाईचं?
"ती की. जिला पेटीत काय सापडलं ते."
मला आठवत नाही. बहुतेक काहीच नव्हतं पेटीत.
"चांगलं झालं असलं तर बरं," म्हणते,
भाकरी उलटते.

मंगळवारी व्हिडिओ आला, नऊ सेकंदांचा.
कडोलीची बस. कंडक्टरचा हात वर. एका बाईचं तोंड उघडं.
ऐकू येतं ते इंजिन फक्त.
कुठली काडी ओढायची, मला ठाऊक होतं,
इथं ती प्रत्येकाच्या खिशात असते.
"भाषेवरून बसमध्ये ठिणगी! कंडक्टर महिलेला असं काही बोलला की…"
की नंतर तीन टिंबं.
त्या टिंबांवर माझा पगार.
रात्री नऊपर्यंत लाख झाले.
सरांनी खालून गरम कुंदा मागवला.

घरी आई फोन लांब धरून बसलेली.
"ही आमचीच बस की. मी होते तिच्यात,
मावशीकडनं येत होते. मागच्या सीटवर."
मग एका दमात:
"नागव्वाचं बटाट्याचं पोतं. बायकांना तिकीट शून्याचं, पोत्याला लागतं.
तो म्हणाला, लगेज तगोरी, अक्का.
ती म्हणाली, पोतं पण बाईच हाय, त्याचं पण शून्याचं फाड.
आख्खी बस हसली. तो पण.
हात वर केला तो दांडी धरायला, कंग्राळीच्या वळणावर.
मार्केट यार्डला त्यानंच पोतं उतरवलं.
यमकनमर्डीचा पोरगा. लग्न ठरवालेत त्याचं."

भाषेवरून काही?
"तो कन्नड बोलला, ती मराठी बोलली.
दुसरं कसं बोलणार?"
मग तव्याकडं बघत,
"त्याला आता त्रास देतील काय गं?"

साडेअकराला उठून मी मथळा बदलला:
"बटाट्याच्या पोत्याला अकरा रुपये तिकीट; कंडक्टरनं पोतं उतरवून दिलं."
टिंबं काढली. पूर्णविराम दिला.
सकाळपर्यंत सत्तावीस जणांनी वाचलं.
जुना मथळा मात्र फोटो होऊन फिरत राहिला
निपाणीत, चिकोडीत, पार कोल्हापुरात,
जिथं कडोलीची बस जात नाही.

सर म्हणाले, मीठ नाही यात.
नाही, म्हटलं.
डेपोला फोन केला. यमकनमर्डीचा पोरगा
दोन दिवस ड्युटीवर नाही.
का, ते कुणी सांगितलं नाही.

सत्तावीसांत एक आई.
चष्मा खाली घेऊन, अक्षराअक्षरावर बोट ठेवत
शेवटपर्यंत गेली. पूर्णविरामावर थांबली.
"अकरा नव्हं, दहा," म्हणाली.
"सुटं नव्हतं तिच्याकडं.
एक रुपया त्यानं आपला घातला.
दुरुस्त कर."