आतली मूठ

सोहारच्या सनायात, टायरवाल्याच्या पलीकडे आमची लाँड्री.
गाडी हायएस, दोन हजार सहाची.
मधे पत्रा ठोकलेला, बाजूचा दरवाजा रॅकनं अडवलेला,
राहिला मागचा, वर उचलायचा,
आणि तो उघडतो फक्त बाहेरून.
मागं माल बसतो.
मालाला कशाला लागते मूठ?

ऑगस्टात रुबेल आत होता,
गाठोड्यांमागे वाकून हॉटेलच्या चादरी मोजत.
मी दरवाजा खाली ओढला, सवयीनं,
आणि सही घ्यायला गेलो.
त्यांनी चहा विचारला. मी हो म्हटलं.

अकरा मिनिटं.
हाका मारल्या, भाई, म्हणाला,
पण चादरी आवाज पितात.
तळहातावर पत्र्याचा लाल चटका.
रागावला नाही. तेच मला अजून जड जातं.
बाटली प्यायला, उरलेलं डोक्यावर ओतलं,
म्हणाला, एकशे बारा आहेत. मोजून झाल्या.

शुक्रवारी आतलं प्लॅस्टिक उचकटलं.
आठ चिमटे, दोन मोडले, वयच झालं होतं त्यांचं.
आत धुळीत कुलपाचा खटका:
एक लोखंडी जीभ, एक पिवळी दांडी.
दांडी सरकली की जीभ सोडते.
इतकंच होतं ते, बोटभर सरकणं.

सायकलच्या ब्रेकची तार दांडीत ओवली.
गाठ नाही मारली, गाठ निसटते.
चिपळूणच्या आयटीआयत खेडेकर सर सांगायचे,
तारेवर नको, टोकावर विश्वास ठेव.
टोकाला वायरिंगचा पितळी कनेक्टर, दोन स्क्रू पिळून.
भोकाच्या कडेला रबरी नळीचा तुकडा,
पत्र्यानं तार कापू नये म्हणून.

पहिल्यांदा ओढली, काही झालं नाही.
दुसऱ्यांदा इतकी ताणली
की दरवाजा लागेचना.
तिसऱ्यांदा दाभणभर सैल ठेवली.
सैल किती ठेवायचं, हे सरांनीही सांगितलं नव्हतं.

मूठ मात्र मिळेना.
मागच्या बाजूला ऑफिसचं जुनं कपाट भंगारात पडलेलं,
राखाडी, चार खणांचं.
वरून तिसरा खण. त्याची मूठ मी कुठेही ओळखीन.
नऊ वर्षं माझा पासपोर्ट त्या खणात होता,
रुबेलचा, सजीवनचा, सगळ्यांचे,
रबर बँड लावलेले, पत्त्यांच्या कॅटसारखे.
आई गेली तेव्हा दोन दिवस
मी त्या मुठीसमोर उभा होतो.
किल्ली मस्कतला, अरबाबच्या खिशात.

दोन स्क्रू काढले. मूठ हातात आली.
इतकी हलकी असेल असं वाटलं नव्हतं.

अंधारात दिसली पाहिजे, रुबेल म्हणाला,
आणि कुठूनशी रेडियमची पट्टी आणून
स्वतःच्या हातानं चिकटवली. वाकडी.

मग मी आत बसलो. लाव म्हटलं.
तो लावेना.
आधी माझ्या खिशात फोन आहे का चाचपलं,
हँडब्रेक बघून आला,
मग लावला.

साबणाचा वास. हिरवी वाकडी रेघ.
मूठ हाताशी होती
आणि मी ती ओढली नाही.
साठ मोजले. एकशेवीस.
बाहेरून तो पत्र्यावर थापा मारत होता,
भाई? भाई, तार तुटली का?
तीनशेच्या पुढं आकडे चुकायला लागले,
घाम डोळ्यांत,
अकरा मिनिटं मला काही जमली नाहीत.

ओढली.
खट्.
दरवाजा वर गेला, उजेड अंगावर कोसळला,
आणि उजेडात रुबेल उभा,
ओरडत, मला, बांगलात,
जे त्या दिवशी ओरडायला हवं होतं ते सगळं.

मी खाली उतरलो.
मधे बोललो नाही,
त्याचं संपेपर्यंत.