तेरावं मिनिट

उद्यमबागेत बंद पडलेल्या फाउंड्रीच्या शेडमध्ये
पहाटे साडेपाचला ईरण्णा घड्याळ लावतो.
वीस मिनिटं. टायर, दोरखंड, लोखंडी गोळा.
मोजणी कन्नडात: ओंदु, एरडु, मूरु.
कण्हणं ज्याच्या त्याच्या भाषेत.

मी सत्तेचाळीसची. पोस्टात खिडकीवर बसते.
चार महिन्यांत एवढं झालं:
भरलेला सिलिंडर दुसऱ्या मजल्यावर
एकटीनं नेला, मधे कुठं न टेकता,
आणि वर पोचल्यावर उगाच जिना खाली बघितला.

पण तेराव्या मिनिटाला पाठीची कमान होते.
कुणी थांब म्हणत नाही, टाळ्या वाजवतात.
नागोजीचा खांदा टाळ्यांतच निखळला.
फळ्यावर त्याचा आकडा अजून पहिला आहे.

अनगोळच्या तालमीतले यल्लाप्पा वस्ताद
तिकिटं घ्यायला आले,
माझ्या तळहाताचे घट्टे बघून म्हणाले,
"कुणासंगं लढूलीस गं?"
घड्याळाशी, म्हटलं.
"ते चीत व्हतंय व्हय कधी?"

सुटे पाच रुपये नव्हते, राहू दे म्हणाले.

उद्या गुरुवार, गोळ्याचा दिवस.
जाणार आहे.
तेराव्या मिनिटाला गोळा खाली ठेवून
श्वास परत येईपर्यंत उभी राहणार,
ईरण्णा दोन्ही भाषांत ओरडला तरी.