शून्य नोंदी

परळला, आरोग्य खात्याच्या तिसऱ्या मजल्यावर
सर्व्हरची खोली आहे. पूर्वी तिथे लसींचा फ्रिज असायचा.
भिंतीवर त्याच्या मापाचा फिकट चौकोन अजून आहे.

धोंडूकाका बोऱ्हाडे चौथ्यांदा आलेत.
पिशवीत पेन्शनची फाईल, फाईलमध्ये चुकीची जन्मतारीख.
'नायगावच्या प्रसूतिगृहात झालो मी. अठ्ठावन्न साल.
बघा की बाई नीट.'
मी टाइप करते : बोऱ्हाडे.
सर्व्हर म्हणतो : शून्य नोंदी सापडल्या.
शून्य सापडतं कसं, हे त्याला कोणी विचारलेलं नाही.

लॉग चाळते. डिस्कवर जागा आहे.
इंडेक्सचे सगळे तुकडे हिरवे.
एक लाख चाळीस हजार बाळं आत गेली, तितकीच मोजून भरली.
शेख येतात, डिसोझा येतात, पाटील तर ढिगाने.
ऱ्ह आला की यंत्र गप्प.
कऱ्हाडे नाहीत, बऱ्हाटे नाहीत,
वऱ्हाडकरांच्या घरी कधी पाळणाच हलला नाही.

शेवटी अक्षर सोलून पाहते.
दिसायला ऱ्ह एकच, आतून दोन.
माझा नव्या की-बोर्डचा : एक निराळा र,
त्याचा पाय मोडलेला, पुढे ह.
जुन्या नोंदींतला : साधाच र, पाय मोडलेला,
आणि मग एक चिन्ह, ज्याला रुंदी नाही,
उच्चार नाही, शाई नाही.
नुसतं शेजाऱ्याचा हात धरून उभं.

ते कुंदा वायंगणकरांनी ठेवलेलं.
अकरा वर्षं ही पुस्तकं त्या उतरवून काढत होत्या.
टेबलाच्या काचेखाली त्यांची चिठ्ठी आहे,
बॉलपेन, खाली दोन रेघा :
'कंट्रोल-शिफ्ट-एक विसरू नये. नाहीतर रफार होतो.'
प्रत्येक बोऱ्हाड्यासाठी त्यांनी तीन बोटं वाकवली.
निवृत्तीच्या दिवशी शाल दिली म्हणे,
काय दाबता, ते कोणी विचारलं नाही.

मी नियम लिहिते : दोन्ही र एकच समज,
न दिसणारं गाळ. इंडेक्समध्ये फक्त.
मूळ नोंदीत कुंदाबाईंची बोटं आहेत तिथे राहू देत.

जाता जाता वगळायच्या शब्दांची यादी दिसते,
कुठून तरी आयती उचललेली :
आणि, आहे, पण, तर, नाही.
फार वेळा येतात म्हणून बिनकामाचे ठरलेले.
'नाही' तेवढा परत घेते.
आमच्या खात्याचं त्याच्याशिवाय चालत नाही.

मग सगळं पुन्हा बांधायला सोडते. चार तास.
काका, जेवून या. ते जात नाहीत.
पिशवीतून भाकरी काढतात, अर्धी मला देतात,
टक्के वाढताना बघत बसतात
उकळी यायची वाट बघावी तसे.

बोऱ्हाडे. नायगाव. अठ्ठावन्न.
दोन नोंदी सापडल्या.

मला वाटलं, डबल झाली. नेहमीचा घोळ.
पण आई तीच, सोनाबाई. तारीख तीच.
चार पंचवीस, पुत्र. नावाच्या रकान्यात
मागाहून, वेगळ्या शाईत : धोंडू.
आणि चार दहा, कन्या. नाव : नाही.
शेरा : दुसरे दिवशी मयत.

काका चष्मा पुसतात. पुन्हा वाचतात, बोट काचेवर ठेवून.
'अस्सं,' म्हणतात. 'म्हणून मला दगड केला होय.'

वरच्या मजल्यावर कोणीतरी खुर्ची सरकवतं.

'दाखल्याचे किती?'
प्रतीला वीस.
ते चाळीस मोजून ठेवतात.
'पेन्शनला एकच लागेल, काका.'
'जन्मली होती ना?'

प्रिंटर दोन्ही कागदांवर बोर्हाडे छापतो.
रफार देऊन.
तो उद्या बघायचा.