पांढऱ्या पायाची

काजूच्या बंद कारखान्यात आमचा वर्ग भरतो.
संध्याकाळी कोबा अजून कोमट असतो
आणि भिंतींना जुन्या टरफलांचा वास.
दाराबाहेर बावीस जोड चपला
आणि एक जोड बूट, आत मोजे खुपसलेले.
मे महिन्यात मोजे घालणारी
वेंगुर्ल्यात मी एकटीच.

पहिल्या दिवशी इनास सर म्हणाले,
"मोजे काढ, घसरशील."
मी म्हटलं, "सर, कोड आहे."
"मग? कोड घसरत नाही. मोजे घसरतात."

काढले.
घोट्यापासून खाली दोन्ही पाय
तांदळाच्या पिठात बुडवून काढलेले.
उजव्या अंगठ्याच्या बुडाशी
एक तपकिरी बेट तेवढं उरलंय,
सातवीपर्यंतच्या केतकीचं.

आई याच कारखान्यात काजू फोडायची.
टरफलाच्या तेलानं बोटं काळी पडायची,
साल निघायची, नवी यायची, तीही काळी.
तिला कुणी काळ्या हाताची म्हटलं नाही.
त्या हातची भाकरी सगळ्यांनी खाल्ली.
माझ्यासाठी मात्र शब्द
मी जन्मायच्या आधीपासून शिवून तयार होता,
अगदी माझ्या मापाचा.
आत्येची होडी खडकावर फुटली त्या वर्षी
ती मला काही बोलली नाही,
फक्त खाली बघितलं तिनं,
माझ्या पायांकडे.

बावचीचं तेल लाव, उन्हात बस.
आंबट नको. मासे नकोत.
सहा वर्षं केलं.
कोड गेलं नाही.
बांगडा गेला.

पोटाचे व्यायाम करताना
जोडीदारानं घोटे धरायचे असतात.
वैदेही आधी बाही ओढून घेते बोटांवर,
मग धरते. घट्ट धरते, हे खरं.
मी वर येते, तिच्या कपाळाकडे बघते,
खाली जाते. चाळीस वेळा.

त्या शुक्रवारी काताच्या मध्यावर वीज गेली.
पत्र्याखालचा काळोख,
झडपेतून चर्चच्या इन्व्हर्टरचा इवलासा उजेड.
गणवेश सगळ्यांचेच पांढरे,
ते हवेत टांगल्यासारखे दिसत होते,
खाली पाय कुणालाच नव्हते.
"इची," सर म्हणाले.
कुणी हललं नाही.
"दिसणा नाय, सर."
मग सर, खुर्ची कुठे ठेवलीय ते सांगावं
इतक्या साध्या आवाजात:
"केतकीचे पाय बघा."

मला वाटलं, कोबा दुभंगावा.
नाही दुभंगला. चांगला ओतलेला आहे.
"इची."
मी डावा पाय पुढे सरकवला,
अर्धचंद्र काढत, टाच न उचलता,
जसा सर सांगून सांगून थकतात तसा.
मागे बावीस पाय सरकल्याचा आवाज,
ओहोटीला वाळू खाली घसरते तसा.
"नी."
"सान"ला वळायचं असतं. मी वळले,
तर अख्खा काळोख माझ्याबरोबर वळला.
मारताना मी कधी इतकी सावकाश मारली नव्हती.
कुणीतरी शिकत होतं माझ्या घोट्यावरून.

दिवे आले. सगळे छताकडे बघू लागले.
छोटा मिंगेल मात्र जवळ आला:
"ताई, तुझे पाय काळोखात पेटतत काय गो?"
"नाय रे," मी म्हटलं, "इझलेत ते."
त्याला पटलं नाही.

सोमवारी वैदेहीनं पुन्हा बाही ओढली.
गुडघ्याखाली नवा डाग आलाय,
सोललेल्या काजूएवढा, तसाच वाकडा.
मी त्याला अजून कुणाला दाखवलेला नाही.

घरी पोचले तर आत्या बसलेली.
मी नळावर पाय धुतले
आणि ओटी ओलांडून तशीच आत गेले.
फरशीवर मागे ठसे उमटत आले,
ओले, काळे,
कुणाच्याही पायांचे उमटतात तसे.
आत्येनं ते बघितले, एकेक करून, दारापर्यंत.
मग म्हणाली,
"पाय पूस गो. घसरात कोण तरी."